इंग्लंडमध्ये कलम ४७ खाली असॉल्टचा आरोप : अर्थ काय, आणि नागपूरहून बचावाची सोय कशी लावायची?

कोर्ट_रोड_नागपूर विचारतात :

नमस्कार मंडळी. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला काम करतो. इंग्लंडचा कायदा माझा विषय नाही, म्हणून जाणकारांना विचारतो. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पक्षकाराचा मुलगा २३ वर्षांचा, लेस्टरला शिकतो. भाड्याच्या घरात चौघं राहतात. स्वयंपाकघरात वाद झाला. मुलाचं म्हणणं असं, की समोरच्यानं गळा धरला, यानं ढकललं, तो कपाटाच्या कडेवर आपटला. भुवईवर चीर पडली, तीन टाके. पोलिसांनी रात्री नेलं, दुसऱ्या दिवशी आरोप ठेवून जामिनावर सोडलं. कागदावर ‘असॉल्ट ऑकेजनिंग अ‍ॅक्चुअल बॉडिली हार्म, ऑफेन्सेस अगेन्स्ट द पर्सन अ‍ॅक्ट १८६१, कलम ४७’ असं आहे. अट अशी, की फिर्यादीशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संपर्क करायचा नाही आणि त्या घरात जायचं नाही. पहिली तारीख तीन आठवड्यांनी, लेस्टरच्या मॅजिस्ट्रेट्स कोर्टात.

हे आपल्या भारतीय न्याय संहितेच्या ११५(२), म्हणजे जाणूनबुजून साधी दुखापत करणं, त्यासारखं धरायचं का? वकील कसा मिळतो, खर्च कोण करतो? फिर्यादीही विदर्भातलाच आहे. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसून मिटवू म्हणतात. ते चालेल का? व्हिसाचं काय होईल?

---

जरीपटका_ते_लीड्स :

बाकी सगळं नंतर. मिटवामिटवीचे फोन आजच्या आज थांबवा.

आपल्याकडे ११५(२) मध्ये ज्याला लागलं तो आपसात तडजोड करू शकतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ मध्ये तशी सोय आहे. इंग्लंडमध्ये अशी सोयच नाही. आरोप ठेवला की खटला राजाच्या नावानं चालतो आणि तो चालवायचा की नाही हे क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस, म्हणजे सीपीएस ठरवते. फिर्यादी नुसता साक्षीदार. त्यानं ‘मला पुढे जायचं नाही’ असं लिहून दिलं तरी सीपीएस त्याला समन्स काढून बोलावू शकते, किंवा पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण आणि दवाखान्याचे कागद यांवर खटला रेटू शकते.

जामिनाच्या कागदावरचा ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द नीट वाचा. काकानं यवतमाळला फोन केला, मावशीनं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लेकरांचं आयुष्य आहे, घरच्या घरी मिटवू’ असं लिहिलं, आणि त्या पोरानं तो मेसेज लेस्टर पोलिसांना दाखवला, तर अट मोडली म्हणून मुलाला अटक होऊ शकते. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात आणि जामीन जाऊ शकतो. मुलानं फोन करायला सांगितलंच नव्हतं हे मग पटवत बसावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे साक्षीदाराला धमकावण्याचा वेगळा गुन्हा (१९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्टचं कलम ५१, पाच वर्षांपर्यंत कैद), आणि पैसे देऊ केले तर न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा, ज्याला कमाल शिक्षा जन्मठेप आहे. मूळ प्रकरण तीन टाक्यांचं, आणि हे असं होऊन बसतं. घरच्यांच्या मनात वाईट काही नसतं, म्हणूनच हे त्यांना बसवून समजावून सांगावं लागतं.

खोलीतलं सामान, पुस्तकं, पासपोर्ट आणायचा असेल तर सॉलिसिटरमार्फत (तिथला वकील) पोलिसांना कळवून वेळ ठरवून घ्या. ‘तो कॉलेजात असताना पटकन जाऊन येतो’ असं अजिबात नको.

---

फौजदारी_एलएलएम :

तुम्ही वकील आहात म्हणून आपल्या कलमांशी जोडूनच सांगतो, पण एक-एक जोडी लावत बसलात तर फसाल.

इंग्लंडच्या कायद्यात ‘असॉल्ट’ म्हणजे आता आपल्यावर हात पडणार असं समोरच्याला वाटायला लावणं. आपलं कलम १३० त्याच्या जवळचं. प्रत्यक्ष हात लागला की ‘बॅटरी’. कागदावर बॅटरीसाठी ‘असॉल्ट बाय बीटिंग’ असं छापून येतं. ते वाचून घरचे घाबरतात की पोरानं मारहाण केली, पण नुसता ढकलल्याचा आरोप असला तरी शब्द तेच असतात.

सर्वांत खालची पायरी कॉमन असॉल्ट, १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टचं कलम ३९. फक्त मॅजिस्ट्रेटपुढे चालतं, कमाल सहा महिने. त्यावर कलम ४७, म्हणजे तुमचं प्रकरण, एबीएच (अ‍ॅक्चुअल बॉडिली हार्म, प्रत्यक्ष शारीरिक इजा) : कमाल पाच वर्षं, मॅजिस्ट्रेटपुढे किंवा वरच्या क्राउन कोर्टात ज्यूरीपुढे, दोन्हीकडे चालू शकतं. मग कलम २०, जखम करणं किंवा गंभीर दुखापत, त्यालाही कमाल पाचच वर्षं. आणि कलम १८, तेच पण गंभीर दुखापतीच्या इराद्यानं : जन्मठेपेपर्यंत, फक्त क्राउन कोर्ट. वंश किंवा धर्माच्या द्वेषाची जोड लागली तर कॉमन असॉल्टचे सहा महिने दोन वर्षांवर जातात, ४७ आणि २० ची पाच वर्षं सातवर. पोलीस, नर्स, अ‍ॅम्ब्युलन्सवाले यांच्यावर हात उचलला तर २०१८ चा वेगळा कायदा आहे, त्यात २०२२ पासून दोन वर्षं. तुमच्या मुलाचं सांगणं खरं असेल तर गळा धरणारा स्वतःच अडचणीत येऊ शकतो : गळा आवळणं हा ७ जून २०२२ पासून तिथं स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंतचा.

आता फरक कुठं आहे ते बघा. आपल्याकडे ११६ मध्ये आठ प्रकारांची यादी आहे. हाड मोडलं किंवा दात तुटला की दुखापत आपोआप ‘गंभीर’. तिथं यादी नाही. ‘खरोखर गंभीर’ आहे का हे मॅजिस्ट्रेट किंवा ज्यूरी ठरवते, त्यामुळे दात पडला तरी आरोप बहुधा ४७ चाच राहतो. उलट ‘जखम’ या शब्दाचा अर्थ मात्र काटेकोर : कातडीचे दोन्ही थर फाटले पाहिजेत. काळंनिळं पडणं जखमेत मोडत नाही. भुवईवर टाके पडले म्हणजे दोन्ही थर नक्कीच फाटले, तांत्रिकदृष्ट्या कलम २० लागू शकलं असतं. पण सीपीएसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे किरकोळ जखमेला ४७ च लावतात. म्हणून ४७ पाहून ‘पोलिसांनी वाढवून लावलं’ असं म्हणू नका. ते मधल्या पायरीवर थांबले आहेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘एवढं लागेल असं वाटलं नव्हतं’ हा ४७ ला बचाव नाही. हाऊस ऑफ लॉर्ड्सनं १९९१ मध्येच स्पष्ट केलंय की बेकायदा धक्का मुद्दाम किंवा बेपर्वाईनं दिला एवढं पुरे; त्यातून होणारी इजा आधी दिसली पाहिजे अशी गरज नाही. त्यामुळे या प्रकरणाची सगळी भिस्त एकाच मुद्द्यावर आहे, स्वसंरक्षणावर.

आणि तिथं मुलाची बाजू आपल्याकडच्यापेक्षा मजबूत आहे. आपल्या साक्ष अधिनियमाच्या १०८ मध्ये अपवादात बसतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. इंग्लंडमध्ये स्वसंरक्षणाचा मुद्दा पुराव्यात एकदा आला की तो खोटा आहे हे सरकारनं खात्री पटेल असं सिद्ध करायचं. प्रश्न दोन. बळ वापरणं गरजेचं आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं का? त्याला जी परिस्थिती दिसत होती तिच्यात ते बळ वाजवी होतं का? २००८ च्या कायद्याचं कलम ७६ सांगतं की त्या क्षणी माणूस तराजू घेऊन मोजत नाही. अंतःप्रेरणेनं जे गरजेचं वाटलं तेवढंच केलं असेल तर तो वाजवीपणाचा भक्कम पुरावा. मागं हटायलाच हवं होतं असं बंधन नाही, हटण्याची संधी होती का याचा विचार मात्र होतो. खोट ही : दारू पिऊन गैरसमज झाला असेल तर त्या गैरसमजाचा आधार घेता येत नाही. आणि गळ्यावरचा हात सुटल्यावर ढकललं असेल तर मुद्दा बराच कमजोर होतो. हात गळ्यावर असतानाच ढकललं का, हे दोन सेकंदांचं अंतर म्हणजे सगळा खटला. सॉलिसिटर पहिल्या भेटीत हेच विचारेल.

---

पॅरालीगल_धरमपेठ :

वकिलाचं सांगते. आपल्याकडे एकच वकील जामिनापासून अपिलापर्यंत सगळं करतो. तिथं सॉलिसिटर केस उभी करतो, पोलीस ठाण्यात आणि मॅजिस्ट्रेट कोर्टात तोच उभा राहतो. क्राउन कोर्टात गेलं तर तो बॅरिस्टर लावतो. म्हणून शोधायचा तो सॉलिसिटर. लॉ सोसायटीच्या ‘फाइंड अ सॉलिसिटर’ या पानावर लेस्टर टाका, फौजदारी निवडा, आणि ‘क्रिमिनल लिटिगेशन’ची मान्यता असलेलाच बघा. नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या नोंदवहीत ताडून घ्या. मराठी बोलतो, ओळखीचा आहे, म्हणून घरखरेदी किंवा व्हिसाची कामं करणाऱ्याला फौजदारी केस देऊ नका, हे कळकळीनं सांगते.

वकीलपत्र, मुखत्यारपत्र, नोटरी यांतलं काहीच लागत नाही. मुलगा स्वतः सही करतो. आणि सज्ञान मुलाच्या संमतीशिवाय सॉलिसिटर आईवडिलांशी एक शब्द बोलणार नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. त्याला वडिलांचं नाव, फोन आणि ‘यांच्याशी बोलायला हरकत नाही’ एवढं पहिल्याच दिवशी लेखी द्यायला सांगा. पण त्यांच्या गुप्त सल्ल्याच्या बैठकीत व्हिडिओ कॉलवर सगळं घर बसवू नका. तिसरा माणूस बसला की त्या गुप्ततेवर प्रश्न उठतो.

खर्च. पहिल्या तारखेला कोर्टात ड्यूटी सॉलिसिटर असतो. कैदेची शिक्षा होऊ शकणारा गुन्हा आहे, त्यामुळे त्या दिवसापुरता तो फुकट. उत्पन्न बघत नाहीत. पण तो खटला चालवत नाही आणि सकाळी त्याच्यापुढे दहा जण रांगेत असतात, वीस मिनिटांत फाइल वाचायची. त्याच्यावर विसंबू नका, आधीच सॉलिसिटर गाठा.

खटल्यासाठी सरकारी मदत म्हणजे लीगल एड. दोन चाळण्या लागतात. एक, न्यायहिताची : कैद होऊ शकते का, रोजगार जाईल का, नावाला मोठा धक्का बसेल का, भाषेची अडचण आहे का. ४७ मध्ये ही सहसा पार होते. दोन, उत्पन्नाची. मॅजिस्ट्रेट कोर्टात कुटुंबाच्या आकाराप्रमाणे जुळवलेलं वर्षाचं ढोबळ उत्पन्न १२,४७५ पौंडांपर्यंत असेल तर पास, २२,३२५ च्या वर नापास, मधे असेल तर खर्च वजा करून हिशेब. क्राउन कोर्टात मर्यादा सैल आहे. खर्च वजा जाता घरातलं वार्षिक उत्पन्न ३७,५०० पौंडांच्या आत लागतं, हप्ते भरावे लागू शकतात आणि सुटला तर ते परत मिळतात. फॉर्मचं नाव सीआरएम१४, सॉलिसिटर ऑनलाइन भरतो. ब्रिटिश नागरिक नसणं आड येत नाही. नोकरीच्या पगाराच्या स्लिपा आणि तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट हाताशी ठेवा. नागपूरहून येणारे पैसे लपवू नका. स्टेटमेंटमध्ये दिसतातच, आणि खोटी माहिती देणं हा आणखी एक गुन्हा.

खासगी फी द्यायची तर ‘ठरावीक फी, कुठपर्यंत’ हे लेखी घ्या : पहिल्या तारखेपर्यंत की निकालापर्यंत, बॅरिस्टर धरून की सोडून. वर २० टक्के व्हॅट. पैसे भारतातून पाठवले तर ते कुठून आले याचे कागद फर्म मागू शकते. निर्दोष सुटला तर परतावा मिळतो, पण लीगल एडच्या दरानंच, जे खासगी फीच्या बरेच खाली असतात. क्राउन कोर्टात तर आधी लीगल एड मागून उत्पन्नामुळे नाकारली गेली असेल तरच. म्हणून मिळणार नाही असं वाटलं तरी अर्ज करा.

---

कोर्ट_रोड_नागपूर :

मनापासून आभार. फोन थांबवले. दोन गोष्टी आज कळल्या. ठाण्यात मुलानं वकील घेतला नाही, ‘लवकर सुटशील’ असं वाटून सगळं स्वतःच सांगितलं. आणि आता मित्र सांगून राहिले की पहिल्याच तारखेला कबूल कर, दंड भरून मोकळा हो.

---

फौजदारी_एलएलएम :

ठाण्यातला सल्ला सगळ्यांनाच फुकट असतो. श्रीमंत, गरीब, परदेशी, कोणीही. १९८४ च्या पेस कायद्याचं (पोलिसांचे अधिकार आणि फौजदारी पुराव्याचा कायदा) कलम ५८. मराठी दुभाषाही फुकट मिळतो. स्वतःहून चौकशीला बोलावलं असेल, अटक नसेल, तरी हाच हक्क. जे वाचताहेत आणि ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी हे एक वाक्य मुलांना पाठवून ठेवा. सॉलिसिटर आला म्हणून थोडे तास जास्त लागतील, पण आपणहून दिलेलं निवेदन मागं घेता येत नाही.

तुमच्या प्रकरणात बोलून टाकलं हे कदाचित वाईट नाही. तिथली ताकीद अशी असते : बोलायची सक्ती नाही, पण पुढे कोर्टात ज्यावर विसंबाल ते आत्ता विचारल्यावर सांगितलं नाही तर बचावाला बाधा येऊ शकते. म्हणजे गळा धरल्याचं त्यानं त्याच रात्री सांगितलं असेल तर ‘नंतर रचलेली गोष्ट’ असं म्हणता येणार नाही. मुलाखत ध्वनिमुद्रित होते. पोलिसांच्या सारांशावर जाऊ नका, सॉलिसिटरला पूर्ण ध्वनिमुद्रण मागायला सांगा; सारांशात ‘ढकलल्याचे मान्य केले’ एवढंच येतं आणि गळ्याचं वाक्य गळून पडतं.

कबुलीचं. पहिल्या तारखेला कबूल केलं तर शिक्षेत एक तृतीयांश सूट, त्यानंतर एक चतुर्थांश, आणि खटल्याच्या दिवशी जेमतेम एक दशांश. हे आकडे ऐकून पोरं घाई करतात. पण ‘ढकललं, पण स्वतःला सोडवायला’ ही कबुली नाहीच. कोर्ट ती घेणार नाही. आणि दंड भरून मोकळा, हे त्या देशात असतं असं धरू नका. एबीएचची शिक्षा दुखापत आणि दोष यांच्या तीन-तीन वर्गांतून ठरते; नुसता दंड अगदी खालच्या वर्गात, एरवी समाजसेवेच्या आदेशापासून कैदेपर्यंत. मॅजिस्ट्रेटना १८ नोव्हेंबर २०२४ पासून अशा एका गुन्ह्यात बारा महिन्यांपर्यंत कैद देता येते. शिवाय फिर्यादीला भरपाई, सरकारी खर्च आणि सरचार्ज वेगळा.

मधली वाट असते. पुरावा पाहून सॉलिसिटर सीपीएसला लेखी कळवू शकतो, की कॉमन असॉल्ट मान्य, ४७ मागे घ्या. टाके असल्यानं इथं ते सोपं नाही, आणि स्वसंरक्षण खरं असेल तर तेही मान्य करण्याचं कारण नाही. पुरावा वाचल्याशिवाय काहीच कबूल करू नये. पहिल्या तारखेआधी सरकारी पक्षाकडून प्राथमिक कागद मिळतात, ते सॉलिसिटरनं वाचले पाहिजेत.

---

व्हिसा_फाइल_सदर :

व्हिसाचा विचार कबुलीच्या आधी करायचा, नंतर नाही. बारा महिने किंवा जास्त कैद झाली की २००७ च्या यूके बॉर्डर्स अ‍ॅक्टप्रमाणे हद्दपारी जवळपास आपोआप येते. त्याखालची शिक्षा असली तरी पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावी लागते आणि होम ऑफिस (तिथलं गृहखातं) नकार देऊ शकतं. तिथं जुनी शिक्षा काही वर्षांनी ‘स्पेंट’ होते, म्हणजे सांगावी लागत नाही. हा फायदा इमिग्रेशनला लागू नाही. पोलिसांची कॉशन (खटल्याऐवजी दिलेली औपचारिक ताकीद) घेणं हीसुद्धा गुन्ह्याची कबुलीच, आणि तीही अर्जात लिहावी लागते. लपवलं तर फसवणुकीचा शिक्का बसतो, तो मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतो.

दवाखान्यात, शाळेत, वृद्धांच्या सेवेत नोकरी करायची असेल तर आणखी एक. कॉमन असॉल्टची शिक्षा कैदेशिवाय असेल तर डीबीएसच्या दाखल्यातून (नोकरीआधी तपासला जाणारा गुन्ह्यांच्या नोंदीचा दाखला) अकरा वर्षांनी गळते. कलम ४७ ची कधीच गळत नाही. ४७ आणि ३९ मधलं हे अंतर शिक्षेच्या आकड्यांत दिसत नाही, म्हणून लिहिलं.

विद्यापीठाला कळवायचं का? बऱ्याच विद्यापीठांच्या नियमांत आरोपाची माहिती देणं बंधनकारक असतं. द्या, पण फक्त आरोप आणि तारीख. ‘काय घडलं’ हे सॉलिसिटरला दाखवल्याशिवाय लिहून देऊ नका, ते कोर्टात येऊ शकतं. विद्यापीठानं काढून टाकलं तर ते होम ऑफिसला कळवतं आणि शिक्षा न होताही व्हिसा जातो. फौजदारी सॉलिसिटरला इमिग्रेशनचं कळतंच असं नाही, दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. आणि तारखेआधी मुलाला नागपूरला बोलावून घेऊ नका. हजर न राहणं हा वेगळा गुन्हा आणि वर वॉरंट.

---

पॅरालीगल_धरमपेठ :

नागपुरात बसून काय करता येतं तेवढं सांगते.

मुलाच्या गळ्यावर ओरखडे, बोटांचे डाग होते का? त्या रात्रीचे फोटो मूळ फोनमध्ये तसेच ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, तारीख-वेळेची नोंद पुसली जाते. ठाण्यात त्याला डॉक्टर किंवा नर्सनं तपासलं असेल तर ती नोंद सॉलिसिटरनं मागावी. दारावरच्या बेलचा किंवा गल्लीतला कॅमेरा असेल तर चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, पत्र आजच जायला हवं. घरातल्या उरलेल्या दोघांशी मुलानं बोलू नये. त्यांचे जबाब सॉलिसिटर घेईल.

त्याच्यावर आधी एकही गुन्हा नसेल तर तिथं ते नुसतं शिक्षेत नाही, दोषी आहे की नाही हे ठरवतानाही मोजतात. भारतातल्या पोलीस क्लिअरन्सचा अर्ज मुलानं तिकडूनच भारतीय उच्चायुक्तालयामार्फत टाकायचा. तुम्ही शाळेच्या मुख्याध्यापकांचं, कॉलेजच्या प्राध्यापकांचं पत्र घ्या. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको. पत्रात लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव, हुद्दा, फोन, किती वर्षं ओळखतो, आणि मुलावर असॉल्टचा आरोप आहे हे माहीत असून लिहितो आहे हे स्पष्ट म्हणायचं. हे शेवटचं वाक्य नसलं तर पत्राला किंमत राहत नाही. घटनेबद्दल एक अक्षर नको, ते तिथं नव्हते. मराठीत लिहिलं असेल तर मूळ आणि भाषांतर दोन्ही, भाषांतरकाराच्या सहीनं.

लेस्टरची सकाळी साडेनऊची वेळ म्हणजे हिवाळ्यात नागपूरची दुपारी तीन, उन्हाळ्यात दुपारी दोन. उद्या दुपारी फर्म उघडताच पहिला फोन मुलालाच करायला सांगा.